जाड अस्तराचे मोजे

सीटताईच्या दुकानात माणूस डोळे बांधून आणून सोडला असता, तरी आपण कुठे आलो हे त्याने नाकाने ओळखलं असतं. नव्या रेक्झिनचा गोडसर वास, सोल्युशनचा डोक्यात जाणारा वास, आणि या दोघांच्या तळाशी जुन्या फोमचा, माणसं बसून बसून मुरलेला वास. दुकान म्हणजे गॅरेजच्या भिंतीला चिकटलेली एक लांबट खोली. दारात सालं काढलेल्या सीटांची चळत, आत जडशीळ पायमशीन, खिळ्यांना टांगलेली मापं आणि कोपऱ्यात कापडाच्या गुंडाळ्या. त्यात सगळ्यात लठ्ठ गुंडाळी अस्तराची.

अस्तर हा ताईचा जीव की प्राण. गिऱ्हाईक म्हणायचं, "ताई, वरचं तेवढं चकाचक करा, आतलं कोण बघतंय?" की झालंच! मशीनवरचा पाय थांबायचा, चष्मा कपाळावर जायचा. "आतलं तुमची पाठ बघते," ती म्हणायची. "अस्तर नको असेल तर पुढच्या चौकात जा. तिकडे प्लॅस्टिकची पिशवी चढवून देतात." गिऱ्हाईक हसत बसायचं आणि अस्तर घालूनच जायचं. गॅरेजवाला मिस्त्री भिंतीपलीकडून ओरडायचा, "ताई, एखाद्या दिवशी हेल्मेटलापण अस्तर लावाल!" ती इकडून ओरडायची, "तुमच्या जिभेला लावते आधी!"

मिस्त्री आणि ताई यांचा शेजार जुना होता. तो गाडीचं पोट उघडायचा, ही गाडीची पाठ शिवायची. सीट बसवली की ती नीट बसली की नाही हे पाहायला ताई गाडी काढून एक चक्कर मारून यायची. या चकरा मारता मारता ती कधी पक्की चालवायला लागली, ते मिस्त्रीलाही कळलं नाही. टेम्पोच्या सीटा झाल्या तर टेम्पो, मोपेडची झाली तर मोपेड. नवरा छापखान्यात पुस्तकं बांधायचा. त्याला सगळे बाइंडर म्हणत. शिडशिडीत, कमी बोलणारा, आणि बोलला तर समोरच्याला दोन मिनिटांनी हसू येईल असं बोलणारा. संध्याकाळी दोघं घरी आले की दोघांच्या बोटांना चिकटाच असायचा. तो म्हणायचा, "आपलं लग्न टिकलंय ते ह्याच्यावरच."

तर एकदा तिच्या दुकानात जिमच्या सरांची गाडी आली.

निळी, स्पोर्ट्सची. पुढे झेप घ्यायला वाकलेल्या जनावरासारखी. सीट उसवली होती. ताईने ती मन लावून शिवली, दुहेरी टाका घातला, बसवली आणि नेहमीप्रमाणे चक्कर मारायला निघाली. चक्कर जरा लांबलीच. परत आली तेव्हा तिचा चेहरा बघून मिस्त्री म्हणाला, "ताई, गाडी परत करायची असते बरं का."

सरांना काम फार आवडलं. पुढे ते पुन्हा आले. सरांचं वागणं गुळगुळीत, आवाज भारदस्त, दंड असे की शर्टाच्या बाह्या बिचाऱ्या रडकुंडीला आलेल्या. म्हणाले, "ताई, पुढच्या शॉकअपच्या ह्या चकचकीत नळ्या आहेत ना, त्यांना मोजे शिवून द्या. धूळ बसते हो." असलं काम तिने कधी केलं नव्हतं. तिने मापं घेतली, काळ्या रेक्झिनचे दोन मोजे शिवले, खाली-वर इलॅस्टिक घातलं, आणि अर्थातच आतून अस्तर लावलं. दिसायला असे देखणे की मिस्त्रीनेही हात फिरवून बघितला.

थोड्या दिवसांनी सर पुन्हा हजर. "ताई, अजून एक जोडी. पहिली ढिली पडली. आणि ह्या वेळी अस्तर जाड घाला. चांगलं जाड."

ताईला काय वाटलं म्हणून सांगावं! आयुष्यभर अस्तरासाठी लोकांशी भांडत आलेल्या बाईला स्वतःहून जाड अस्तर मागणारं गिऱ्हाईक भेटलं होतं. घरी गेल्यावर नवऱ्याला ती दोनदा म्हणाली, "माणूस शिकलेला आहे हो. त्याला आतल्या कामाची किंमत आहे." बाइंडर म्हणाला, "मग त्याला माझ्याकडे पाठव. पुस्तकाच्या आतलं वाचणारा मीही शोधतोय." ताईने त्या जोडीला फोमचा थर दिला, वर सुती अस्तर, आणि मजुरी मात्र आधीचीच घेतली.

आणि मग सरांनीच विषय काढला. मोठी गाडी घ्यायची होती त्यांना. "ही तुमच्याकडे गेली तर मला घरातच राहिल्यासारखं वाटेल, ताई. माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त प्रेमाने चालवता." गाडी उभी लखलखत होती. टाकी पुसलेली, चाकं पुसलेली, आणि नळ्यांवर ताईच्याच हातचे काळे मोजे. ताईने बाजूला टाकलेले सगळे पैसे काढले आणि गाडी घेतली.

गल्लीला चघळायला विषय मिळाला. त्या गाडीवर बसायचं म्हणजे पुढे ओणवं व्हावं लागतं. लगेच कोणी म्हणालं, "सीटताई टाकीवर पालथी पडून जाते." मागची सीट उंच, तिच्यावर बाइंडर बसला की कपाटावर ठेवलेल्या सुटकेससारखा दिसायचा. कोणी विचारलं, "काय बाइंडर, कसं वाटतं?" तर तो म्हणाला, "पूर्वी बायकोच्या मागे चालायचो, आता बसून जातो. प्रगती आहे." ताईला या हसण्याचं काही वाटत नव्हतं. सकाळी त्याला छापखान्याच्या दारात सोडायचं, तिथून कापडबाजारात जायचं, गुंडाळी मागे बांधून परत यायचं. बसच्या दांड्याला लोंबकळत गुंडाळ्या वाहायचे दिवस संपले होते. पन्नाशीला टेकलेल्या त्या बाईच्या अंगात त्या गाडीवर बसलं की वेगळंच वारं भरायचं. आणि ते तिने कोणाची परवानगी न मागता मिळवलं होतं, हे तिला रोज आठवायचं.

पाण्याच्या टाकीकडून उतरणारा एक उतार आहे. उताराच्या पायथ्याशी चहावाला, आणि त्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या रस्त्यावर मांडलेल्या. त्या दिवशी ताई नवऱ्याला घेऊन उतार उतरत होती. वेग काही फार नव्हता. पायथ्याशी एक हातगाडी आडवी आली. ताईने पुढचा ब्रेक दाबला आणि ब्रेक लागलाच नाही. म्हणजे दांडा दाबला जात होता, पण चाकाला काही सोयरसुतकच नव्हतं. मागचा ब्रेक मारेपर्यंत हातगाडी वाचवायला म्हणून तिने गाडी वळवली ती थेट खुर्च्यांत. खुर्च्या उडाल्या, चहाचे पेले उडाले, बाइंडर उडाला. बाइंडरचं कोपर सोलवटून निघालं.

कोणाला फार लागलं नाही हे खरं. पण त्या उतारावर जे ऐकावं लागलं, ते ताईला कोपरापेक्षा जास्त लागलं.

"अहो, ही काय बायकांची गाडी आहे का?"

"नवऱ्याची तरी दया करा, ताई!"

"वजन बघा गाडीचं, आपलं वजन बघा..."

हे शेवटचं बोलणारा माणूस स्वतः दोन खुर्च्या एकावर एक ठेवून बसणारा होता. ताईने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो उभा राहिला. पण ब्रेक का लागला नाही, हे एकानेही विचारलं नाही. एकानेही! जणू बाई पडली यातच सगळं उत्तर आलं.

मिस्त्रीने गाडी स्टँडवर घेतली, मोजे खाली ओढले आणि शीळ घातली. मोजे तेलाने निथळत होते. तेल शॉकअपवरून ओघळून खाली ब्रेकच्या थाळीपर्यंत गेलं होतं.

"सील गेलंय," तो म्हणाला. "ह्या नळीच्या तोंडाशी एक रबरी कडं असतं. नळी वर-खाली होते, कडं तेल आत धरून ठेवतं. ते फाटलं की तेल बाहेर. ब्रेकला तेल पाजल्यावर तो काय लागणार?"

"बघा!" ताई म्हणाली. "म्हणजे माझी चूक नव्हती!"

मिस्त्रीने हात पुसले. मान तिरकी केली. "आता तसं कसं म्हणू? सर चालवत होते तोवर तर काही नव्हतं. तुम्ही पुढचा ब्रेक जोरात मारत असाल. खड्ड्यात हाणत असाल. सील उगाच नाही जात, ताई. हात जड पडतो."

"माझा हात? तुमच्या दारातल्या सगळ्या गाड्या फिरवल्यात मी. कोणाचं सील गेलं?"

"त्या साध्या गाड्या हो. ही स्पोर्ट्सची."

त्याने नवी सीलं टाकली, ब्रेकचे गुटके बदलले, थाळी धुतली. मोजे पेट्रोलमध्ये खळबळून वाळवले आणि कौतुकाने परत चढवले. "तुमच्या हातचं काम आहे, फेकवत नाही," म्हणाला. आणि जाता जाता, "आता जरा हलक्या हाताने."

ताईने गाडी काचेच्या बरण्या भरून नेल्यासारखी चालवली. खड्डा दिसला की वळसा, उतार आला की मागचा ब्रेक. सायकलवाले घंटी वाजवून पुढे जायला लागले. चहावाल्याने तर तिची गाडी लांबून दिसली की खुर्च्या आत ओढायला सुरुवात केली. मुद्दाम, सावकाश, सगळ्यांना दिसेल असं. ताई दात ओठ खाऊन पुढे जायची. बाइंडर कोपरावर पट्टी बांधून तरीही मागे बसायचा. छापखान्यात त्याला म्हणाले, बसने येत जा. तो म्हणाला, "बसच्या ड्रायव्हरला मी ओळखत नाही."

आणि एवढं सगळं करून एका सकाळी चाकाजवळच्या फरशीवर तेलाचा थेंब. परत.

नेमका त्याच दिवशी दादा आला. दादा म्हणजे ताईचा थोरला भाऊ. वखारीत मुकादम होता आणि घरीही मुकादमच होता. उताराची हकिगत त्याच्या कानावर गेली होती. चहाचा कप हातात घेऊन त्याने निकाल दिला.

"विकून टाक."

"का?"

"का म्हणजे? परत गळतेय ना? मिस्त्री काय खोटं बोलतो? तुझ्या हाताला ती झेपत नाही. उद्या ह्या माणसाला कुठे पाडलंस म्हणजे?"

"मी तक्रार केली का?" बाइंडर म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा हो, तुमच्या ह्या असल्या स्वभावामुळेच झालंय सगळं!" मग दादा आवाज उतरवून, समजुतीने म्हणाला, "हे बघ. गाडी दिसायला अजून फक्कड आहे. मोजे स्वच्छ धू, नळ्या पुसून घे, मोजे चढव आणि एखादं गिऱ्हाईक बघ. मोज्याखाली काय आहे कोण बघतंय?"

ताईच्या कानात त्यातले शेवटचे दोन शब्द अडकले.

कोण बघतंय. हेच तर लोक तिला आयुष्यभर म्हणत आले होते. आणि एकच माणूस होता ज्याने स्वतःहून आतलं जाड मागितलं होतं.

ती उठली. चप्पल न घालता तशीच अंगणात गेली, गाडीचे मोजे ओढून काढले आणि आत येऊन शिवण उसवायची कात्री घेतली. दादा म्हणाला, "अगं, काय करतेस?" तिने उत्तर दिलं नाही. टाका टाका उसवत गेली. स्वतःच्याच हातचा दुहेरी टाका, उसवताना जीव खात होता. रेक्झिन बाजूला केलं, अस्तर उलटं केलं. वरचं अस्तर मिस्त्रीने पेट्रोलने धुतलं होतं, पण फोमच्या पोटात पेट्रोल पोचलं नव्हतं. तिथे डांबरासारखा काळाकुट्ट थर होता. जुना, वाळून कडक झालेला, धुळीत मळलेला. नखाने उचलला तर पापुद्रा निघाला. आणि त्याच्यावर कडेकडेने कालपरवाचं ओलं, पातळ, लालसर तेल.

"हे बघा," ती नवऱ्याला म्हणाली. आवाज विचित्रच झाला होता. "हे आपल्याकडचं तेल. आणि हे खालचं, हे आपल्याकडे येण्याआधीचं. एवढं वाळलंय ते काय काल-आजचं असेल? धुळीसाठी नव्हते हो मागितले मोजे. गळत होतं म्हणून मागितले. पहिल्या जोडीतून बाहेर आलं म्हणून दुसऱ्या जोडीला जाड सांगितलं. आणि मी... मी त्याला शिकलेला म्हणत होते!"

बाइंडरने पापुद्रा हातात घेतला, उलटसुलट केला. "पुस्तकाच्या आतलं वाचलंस," एवढंच म्हणाला. पण हसला नाही.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. फसवलं याचा राग एकवेळ वेगळा. इथे तिच्याच सुईने, तिच्याच दोऱ्याने, तिच्याच लाडक्या अस्तराने तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधली होती. आणि वर मजुरी देऊन! तीसुद्धा तिने वाढवून मागितली नव्हती!

ती उसवलेले मोजे घेऊन, गाडी ढकलत गॅरेजमध्ये गेली. मिस्त्री कोणाचं तरी इंजिन उघडून बसला होता.

"मिस्त्री, उठा. ह्या नळीवर बोट फिरवा."

"अहो ताई, हात..."

"फिरवा म्हणते ना!"

तिने आधीच फिरवलं होतं. रेक्झिनवर नख ओढून चर आहे का बघायची तिची रोजची सवय. नळीवरून नख ओढलं की ते टक् टक् करून अडकत होतं. मिस्त्रीने बोट फिरवलं. मग नख फिरवलं. मग खिशातून चष्मा काढला आणि खाली बसला.

"गंज धरून खड्डे पडलेत," शेवटी म्हणाला. "बारीक. पण करवतीचं काम करतात. नवं सील टाकलं की नळी त्याला कुरतडणार. अजून चार टाकली तरी तेच."

"मग आधी का नाही बघितलंत?"

मिस्त्री जमिनीकडे बघत राहिला. "मला वाटलं..."

"तुम्हाला वाटलं बाईचा हात. म्हणून नळी बघायची गरजच पडली नाही. हो ना? सरांची गाडी असती तर बघितली असतीत!"

"बघितली असती," तो म्हणाला. हे मात्र त्याने सरळ कबूल केलं. मग जरा थांबून, "पण ताई, एक सांगू का. हे खड्डे ह्या मोज्यांनीच पाडलेत. अस्तरात तेल मुरलं, तेलाला धूळ चिकटली, ओल धरली, आणि ते सगळं नळीला कवटाळून बसलं. उघडी राहिली असती तर नुसती सीलं बदलून भागलं असतं."

हे ऐकून ताई स्टुलावर बसली. मग उसवलेले मोजे पिशवीत कोंबून उठली.

"कुठे निघालात?"

"माप घ्यायला."

जिम म्हणजे पूर्वीचं गोदाम. चारी भिंतींना आरसे, त्यामुळे एक माणूस वजन उचलत असला तरी दहा जण कण्हतायत असं वाटायचं. घामाचा आणि लोखंडाचा वास. बेंचांची रेक्झिनं फाटून आतला फोम जिभा काढून बाहेर आलेला. ताई पायी आली होती, वाटेत एकेक वाक्य घासून धार लावत. पण आत पाऊल टाकलं तोच सर हसत पुढे आले.

"या ताई! बरं झालं आलात. बेंचांची मापं घ्यायचीच होती, निरोपच धाडणार होतो."

माप म्हटल्याबरोबर ताईचा हात गळ्यातल्या टेपकडे गेला. हाताला काय कळतं राग-बिग! तिने बेंच चाचपला, फाटलेला तुकडा ओढून बघितला. आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

"अस्तर कसलं घालू?"

"तुमच्या मनाला येईल ते."

"जाड?"

"छे छे, बेंचला कशाला जाड? घाम काय, वरून फडकं मारलं की झालं."

"मग मोज्यांना हो का जाड सांगितलंत?"

"अहो, ते वेगळं. पातळ अस्तरातून पाझरायचं ना! पहिल्या जोडीतून तर सगळं चाकावर..."

सरांचं वाक्य तिथेच अडकलं. आरशातले सगळे सर एकदम गप्प झाले. कोपऱ्यात एक दांडगा बस ड्रायव्हर दोन्ही हातांत वजनं धरून उभा होता, तो ती खाली ठेवायचं विसरला. हा ताईचा डाव होता की नुसती सवय, हे तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. पण आता धार लावलेली सगळी वाक्यं एकदम बाहेर पडली.

"पाझरायचं! म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. ब्रेकवर तेल उतरतंय हे ठाऊक होतं, आणि त्याच ब्रेकच्या भरवशावर माझ्या हातात किल्ली दिलीत. घरातच राहिल्यासारखं वाटेल म्हणालात! घरातल्याला असं मारतात का तुमच्यात?"

"ताई, हळू... सेकंडहँड गाडीत थोडंफार असतंच. सगळेच..."

"गळतेय म्हणून सांगून विकली असतीत तरी घेतली असती मी! सीलं बदलून चालवली असती. तुम्ही झाकलीत. तीही माझ्याकडून झाकून घेतलीत!" तिने पिशवीतून मोजा काढून बेंचवर आपटला. "माझ्या नवऱ्याचं कोपर सोललं. मला भर रस्त्यात वजन विचारलं लोकांनी. चहावाला मला बघून खुर्च्या उचलतो. माझा भाऊ मला गाडी विकायला सांगतो, कारण माझा हात जड! आणि तुम्ही इथे आरशात दंड बघत उभे!"

"नुकसान भरून देतो मी, किती झालं सांगा."

"नळ्यांचं तुम्ही मिस्त्रीशी बघा. मला ते नको. तुम्ही उद्या सकाळी गॅरेजसमोर यायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं की सील तुमच्याकडे असताना गेलं. तोवर तुमचे बेंच असेच जिभा काढून राहतील."

सर आले असते की नाही, कोण जाणे. पण बस ड्रायव्हरच्या तोंडून संध्याकाळपर्यंत ते पाझरणारं अस्तर अर्ध्या वस्तीत पोचलं, आणि जिमला येणारी माणसं एकमेकांना विचारायला लागली की सरांनी इथे अजून काय काय झाकलंय. वजनाच्या तारा, कप्प्या, सगळं वाकून वाकून तपासायला लागले. मग सर आले.

गॅरेजसमोर मिस्त्री, बाइंडर, चहावाला, आणि उगाचच टायरमध्ये हवा भरायला थांबलेले पुष्कळ जण. दादाही होता. सर मिस्त्रीच्या कानाशी लागून काही तरी पुटपुटले.

"मोठ्याने," ताई मशीनवरूनच म्हणाली. "वजन उचलताना ओरडता ना, तसं."

सरांचे कान लाल झाले. "सील माझ्याकडे असताना गेलं होतं," ते म्हणाले. "ताईंच्या हाताचा त्यात काही दोष नाही."

कोणी हसलं नाही. ताईला वाटलं होतं, हे ऐकल्यावर आतून काही तरी थंड होईल. ते झालं नाही. उलट राग आणखी भडकला. एवढंसं वाक्य! एका श्वासात संपणारं! तेवढ्यासाठी तिला सगळी जिम डोक्यावर घ्यावी लागली होती. आणि गंमत म्हणजे चूक तिच्या हाताची नाही, हे ती गॅरेजमध्ये पहिल्याच दिवशी ओरडून सांगत होती, तेव्हा ते कोणाच्या कानात शिरलं नव्हतं. ते खरं व्हायला दंडवाल्याचं तोंड लागलं.

सर गेल्यावर मिस्त्रीने घसा खाकरला. "आणि नळी मी बघितली नव्हती," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "बघायला पाहिजे होती." त्याला कोणी बोलायला सांगितलं नव्हतं. ताईने मशीनचा पाय थांबवला, त्याच्याकडे बघितलं, आणि परत मशीन सुरू केलं. त्या दोघांचं तेवढ्यावर मिटलं.

दादा मात्र अजूनही म्हणाला, "ठीक आहे, मानलं. पण आता तरी विकून..."

"दादा," ताई म्हणाली, "तू मला त्याच्यासारखंच करायला सांगत होतास. मोजे चढव आणि दे कोणाच्या तरी गळ्यात. त्या कोणाच्या तरी मागे त्याचीही बायको बसली असती, पोर बसलं असतं. सरांना एकदा तरी लाज वाटली. तुला वाटली का?"

दादा टायरमध्ये हवा कशी भरतात ते बघत राहिला.

नळ्या मुलामा द्यायच्या कारखान्यातून नव्यासारख्या होऊन आल्या. मिस्त्रीने पुन्हा सीलं टाकली, तेल मोजून भरलं, आणि नळ्या उघड्याच ठेवल्या. बेंचांचं काम ताईने घेतलं. अस्तरासकट, नेहमीसारखं नीट. काम ते काम. पण ते घ्यायला सर स्वतः आले नाहीत, टेम्पो पाठवला. मोज्यांचं गिऱ्हाईक अजूनही मधूनमधून येतं. ताई विचारते, "गाडी कुठाय? आधी उघडी नळी दाखवा." बरेच जण परत येत नाहीत.

नळ्या बसवल्या त्याच संध्याकाळी ती नवऱ्याला मागे घेऊन टाकीकडचा उतार उतरली. चहावाल्याने गाडी बघितली, सवयीने हात खुर्चीकडे गेला, आणि तसाच हवेत राहिला. त्याने खुर्ची सोडून दिली. ताईने पायथ्याशी, बरोबर खुर्च्यांच्या समोर, पुढचा ब्रेक दाबला. चांगला जोरात. गाडीने नाक खाली केलं आणि जागच्या जागी उभी राहिली.

"थांबली?" बाइंडरने डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं.

"उतरा."

तो उतरला. ताई खाली वाकली, एका नळीवरून बोट फिरवलं, मग दुसरीवरून. मग ते बोट नवऱ्याच्या धुतलेल्या पांढऱ्या बाहीवर, बऱ्या झालेल्या कोपराच्या जरा वर, चांगलं दाबून पुसलं. त्याने बाही उजेडात धरून बघितली. खुर्च्यांवर बसलेल्यांनीही माना वळवून बघितली.

बाही पांढरीच होती.

"दुसरी बाही पण आहे," बाइंडर म्हणाला. "उद्यासाठी."